रिकाम्या रस्त्यांची मुंबई

१८७२ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ६,४४,४०५ भरली. त्याच सुमारास काढलेले टाऊन हॉलचे, एल्फिन्स्टन सर्कलचे किंवा मैदानाकाठच्या नव्या इमारतींचे फोटो पाहिले, तर रस्त्यावर माणूस औषधालाही सापडत नाही. एखादी उभी घोडागाडी दिसते, झाडाच्या सावलीत टेकलेला एखादा गाडीवान दिसतो. बाकी सगळा रस्ता धुऊन काढल्यासारखा मोकळा. हे फोटो आज मोबाइलवरून मोबाइलवर फिरतात आणि पाहणारा हमखास सुस्कारा टाकतो: किती निवांत होती तेव्हाची मुंबई!

ती निवांत नव्हती. कापसाच्या गासड्या, बैलगाड्या, हमाल, पाणके, फेरीवाले, कोर्टकचेरीला निघालेले पक्षकार यांनी कोटातले रस्ते दिवसभर गजबजलेले असत. ही गर्दी फोटोत नाही, कारण तेव्हाच्या कॅमेऱ्याला ती टिपता येत नव्हती. काचेवरच्या रसायनावर चित्र उमटायला काही सेकंद लागत, प्रकाश मंद असेल तर त्याहून बराच जास्त वेळ. तेवढ्या वेळात चालत गेलेला माणूस काचेवर ठरतच नसे. रेंगाळत गेलेल्याचा धुरकट डाग राही. उभ्या घोड्याचं धड स्पष्ट येई आणि हललेलं डोकं मात्र गायब होई. इमारत हलत नाही, म्हणून ती दगडादगडासकट नीट उमटे. सुरुवातीच्या छायाचित्रकारांना इमारतींचं इतकं आकर्षण होतं, त्याचं पहिलं कारण हे साधं आहे. जुन्या फोटोवरून शहराविषयी काही ठरवण्याआधी तो कसा काढला गेला हे माहीत असायला हवं, ते याचसाठी.

पॅरिसमध्ये दागेरच्या छायाचित्रणाच्या शोधाची जाहीर घोषणा झाली १८३९ मध्ये. पुढच्या पंधरा वर्षांत मुंबईत छायाचित्रणाचा छंद इतका रुजला, की १८५४ च्या ऑक्टोबरात इथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. हिंदुस्थानातली ती पहिली. कलकत्ता आणि मद्रास इथल्या सोसायट्या त्यानंतर दोन वर्षांनी आल्या. मराठी वाचकाला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड या सोसायटीत होते आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर स्वतः उत्तम फोटो काढत. भाऊ दाजी वैद्यकीत नावाजलेले, शिलालेखांचे अभ्यासक, आणि राणीच्या बागेतल्या संग्रहालयाच्या उभारणीत पुढाकार घेणारे. जुन्या लेखांचे ठसे घेणाऱ्या माणसाला कॅमेऱ्याचं मोल लगेच कळावं, यात नवल नाही. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही सुरू झाला. त्यात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. म्हणजे साहेबाच्या हातातला कॅमेरा इथल्या माणसाच्या हाती यायला फार काळ लागला नाही.

याच सोसायटीतला विल्यम जॉन्सन हा सरकारी नोकरीतला इंग्रज. त्याने विल्यम हेंडरसनबरोबर १८५६ ते १८५८ या काळात छायाचित्रांचा एक मासिक अल्बम चालवला. फोटो छापण्याची यंत्रणा तेव्हा नव्हती. प्रत्येक अंकात खरोखरीच्या फोटोंच्या प्रती हाताने चिकटवलेल्या असत. जॉन्सनच्या संग्रहात एकीकडे इथल्या लोकांचे पेहराव आहेत आणि दुसरीकडे शहरातल्या सार्वजनिक इमारती. कोटाचे तट पाडण्याआधीची मुंबई डोळ्यांनी पाहायची, तर अशा मोजक्या संग्रहांकडेच जावं लागतं.

सरकारचं लक्ष मात्र भलतीकडे होतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांना प्राचीन वास्तूंची चित्रं काढून घेण्यापेक्षा त्यांचे फोटो काढून घेणं स्वस्त आणि अचूक वाटलं. म्हणून १८५५ मध्ये तोफखान्यातल्या थॉमस बिग्जला मुंबई सरकारने विजापूर, बदामी, ऐहोळेच्या कामावर धाडलं. सरकारी पैशाने टिपली गेली ती अशी जुनी देवळं आणि घुमट. नव्या गोथिक इमारतींचे फोटो प्रामुख्याने काढले ते धंदेवाईक स्टुडिओंनी, विकण्यासाठी. हा फरक लक्षात ठेवायला हवा. विजापूरचा फोटो अभ्यासकासाठी होता. हायकोर्टाचा फोटो विलायतेला परतणाऱ्या साहेबाच्या ट्रंकेत जायचा होता, आणि त्यात शहर देखणंच दिसायला हवं होतं.

देखणं दाखवण्याजोगं शहरही त्याच वेळी उभं राहत होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ पासून लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६२ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या सर बार्टल फ्रियरने कोटाचे तट पाडायला काढले, खंदक बुजवले आणि मोकळ्या जागेवर नवं शहर आखलं. गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झालं ते १८६३ मध्ये, म्हणजे जुनी मुंबई डोळ्यांदेखत बदलत असताना. युद्ध संपलं, १८६५ मध्ये तेजीचा फुगा फुटला, पेढ्या बुडाल्या. तरी आराखडे टिकले. आज आपण ज्यांना ‘ब्रिटिश मुंबई’ म्हणतो त्या बऱ्याच इमारती या मंदीनंतरच्या आहेत. कर्नल विल्किन्सचं सचिवालय १८७४ ला पूर्ण झालं, विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृहही त्याच वर्षी. कर्नल फुलरचं हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर १८७८ ला. फ्रेडरिक स्टीव्हन्सचं व्हिक्टोरिया टर्मिनस १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत उभं राहिलं.

आता यातला एक फोटो जवळून पाहू. ओव्हल मैदानातून पूर्वेकडे तोंड करून घेतलेलं विद्यापीठाचं आणि हायकोर्टाचं दृश्य. स्टुडिओ कोणताही असो, हे दृश्य बहुतेक अल्बममध्ये सापडतंच. या रांगेतल्या इमारतींचं तोंड पश्चिमेला, समुद्राकडे. सकाळी त्यांच्यामागून ऊन येतं आणि दर्शनी बाजू अंधारात राहते. म्हणून छायाचित्रकाराला दुपार कलेपर्यंत थांबावं लागे. कमानींच्या आणि आधारभिंतींच्या सावल्या फोटोत डावीकडे, म्हणजे उत्तरेकडे पडलेल्या दिसतात, त्यावरून ऊन नैऋत्येचं आहे हे कळतं. खोल व्हरांड्यांत काळोख दाटलेला, त्यामुळे कमानीची एकेक कड उठून दिसते. या व्हरांड्यांचा मूळ उपयोग उन्हापावसापासून भिंती आणि माणसं राखण्याचा. युरोपातली गोथिक शैली मुंबईच्या हवेला कशी जुळवून घेतली गेली, हे नकाशापेक्षा या सावल्या चटकन सांगतात.

त्या फोटोतलं आकाश पाहा. कोरं, पांढरं, ढगाचा मागमूस नाही. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने शोधलेल्या ओल्या कलोडिऑन पद्धतीत काच निळ्या प्रकाशाला फार लवकर आणि लाल-पिवळ्याला फार मंद प्रतिसाद देई. इमारत नीट उमटेपर्यंत आकाश जळून जाई. काही जण तर निगेटिव्हवर आकाशाच्या जागी काळा रंग फासत, म्हणजे प्रतीत तो भाग डागाविना पांढरा येई. याच कारणाने लाल कौलं फोटोत काळी पडतात. मालाडच्या दगडाचा उबदार पिवळेपणा करड्यात बुडतो, आणि शेजारच्या निळसर काळ्या बसाल्टशी त्याचा जो भेद डोळ्यांना जाणवतो तो बराचसा पुसला जातो. व्हिक्टोरियन स्थापत्यात रंगीबेरंगी दगडांची सांगड हा जीव की प्राण. तोच नेमका या फोटोंत मावत नाही. जुन्या फोटोंवरून या इमारतींना ‘करड्या, गंभीर’ म्हणणाऱ्याने एकदा ओव्हलवर संध्याकाळच्या उन्हात उभं राहावं.

दुसरी अडचण उंचीची. राजाबाई टॉवर २८० फुटांचा. कॅमेरा वर कलवला की मनोरा मागे झुकल्यासारखा दिसतो आणि भिंती वर निमुळत्या होतात. जाणकार छायाचित्रकार कॅमेरा सपाटच ठेवत आणि पुढची लेन्सची फळी वर सरकवत, की भिंती सरळ राहून माथाही चौकटीत येई. नाहीतर समोरच्या इमारतीच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर सगळं बिऱ्हाड चढवत. जुन्या फोटोंतली नजर पुष्कळदा रस्त्यावरच्या माणसाच्या नजरेपेक्षा उंच असते, ती यामुळे. १८६६ मध्ये कडेच्या सरळ रेषा वाकू न देणाऱ्या लेन्स आल्या आणि इमारती टिपणाऱ्यांचं काम पुष्कळ सोपं झालं.

बिऱ्हाड हा शब्द मी विचारपूर्वक वापरला. ट्रायपॉड, लाकडी कॅमेरा, जड काचा, रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि अंधारा तंबू इतकं सगळं बरोबर न्यावं लागे. ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं कलोडिऑन काचेवर सारखं पसरायचं, काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि ती सुकायच्या आत तंबूत नेऊन धुवायची. सारं मिळून काही मिनिटांत. मुंबईच्या उन्हाळ्यात ईथर बघता बघता उडून जाई. बंद तंबूत त्याची वाफ डोक्यात चढे. हात काळे पडत ते वेगळंच. पुढे कागदावर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर देऊन, निगेटिव्ह त्याच्यावर दाबून, उन्हात प्रत छापायची. मोठी करून छापण्याची सोय सहसा नसे. दहा बाय बारा इंचांचा फोटो हवा तर काचही तेवढीच मोठी लागे.

यातूनच या फोटोंचा सगळ्यात मोठा गुण आला आहे. प्रत निगेटिव्हइतकीच, म्हणून बारकावा अस्सल. चांगल्या प्रतीवर भिंग धरलं की नक्षीची पट्टी न् पट्टी मोजता येते. राजाबाई टॉवरवर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे २४ पुतळे आहेत. जमिनीवरून मान वर करून पाहणाऱ्याला ते ठिपक्यांसारखे भासतात. त्यांचे नमुने घडवणारे रावबहादूर मुकुंद रामचंद्र. टॉवरचा आराखडा लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा. त्याने हिंदुस्थानात कधी पाऊल टाकलं नाही. पैसा प्रेमचंद रायचंदांचा, आणि नाव त्यांच्या आईचं. व्हिक्टोरिया टर्मिनसवर स्टीव्हन्सबरोबर सीताराम खंडेराव यांनी देखरेखीचं काम केलं. तिथलं कोरीवकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातचं. स्टुडिओंच्या फोटोंखालच्या ओळीत यांपैकी कोणाचं नाव सहसा येत नाही. इमारतीचं नाव, शहराचं नाव आणि स्टुडिओचा अनुक्रमांक, एवढंच. ज्या पाथरवटांनी आणि गवंड्यांनी तो दगड चढवला त्यांचा उल्लेख तर दूरच. हे मला फार खटकतं. ती उणीव आपण आपल्या लेखनातून भरून काढली पाहिजे.

फोटोवर साल नसेल तर ते ठरवायचं कसं? हा उद्योग मोठा रंजक आहे आणि कुणालाही जमण्यासारखा आहे. फ्लोरा फाउंटन दिसत असेल तर फोटो १८६९ नंतरचा. विद्यापीठाचं सभागृह तयार आणि शेजारी राजाबाई टॉवरचा मनोरा अर्धवट, परांचीत गुंतलेला असेल, तर १८७८ च्या आधीचा. रस्त्यात ट्रामचे रूळ असतील तर १८७४ नंतरचा, कारण घोड्यांची ट्राम त्या वर्षीच्या मे महिन्यात सुरू झाली. वर विजेच्या तारा असतील तर १९०७ नंतरचा. सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा, म्हणजे आपला काळा घोडा, जागेवर असेल तर १८७९ ते १९६५ मधला. बोरीबंदरच्या स्टेशनासमोर महापालिकेची इमारत पूर्ण झालेली असेल तर १८९३ नंतरचा. मात्र एक सावधगिरी बाळगावी: स्टुडिओ एकच निगेटिव्ह वर्षानुवर्षं छापून विकत. बोर्न अँड शेफर्डसारख्या कंपन्यांच्या यादीत जुने क्रमांक सॅम्युअल बोर्न मायदेशी परतल्यानंतरही चालू राहिले. तेव्हा प्रत कधीची आणि दृश्य कधीचं, हे वेगळं ठरवावं लागतं.

या फोटोंचा आजचा उपयोग हौसेपुरता नाही. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या दर्शनी भागात घड्याळाखालच्या कोनाड्यात राणी व्हिक्टोरियाचा पुतळा होता. स्वातंत्र्यानंतर तो निघाला आणि कोनाडा आजही रिकामा आहे. तिथे मूळ काय होतं ते जुने फोटो दाखवतात. काळ्या घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल त्याहून बोलकं उदाहरण. बिडाच्या लोखंडाचे सुटे भाग इंग्लंडात ओतून इथे आणले आणि १८६७ ते १८६९ मध्ये जोडले. जुन्या फोटोंत त्याचे उघडे सज्जे, बारीक खांब आणि कठडे स्वच्छ दिसतात. पुढे सज्जे भरून टाकले गेले, आत खोल्यांचे तुकडे पडले, आणि आज ती इमारत मोडकळीला आली आहे. तिथे कधीकाळी किती हलकी, हवेशीर बांधणी होती हे आता डोळ्यांना पटत नाही. फोटो पाहिला की पटतं. मूळ नक्षी, मूळ खिडक्या, मूळ छपराची रेषा, यांपैकी कशाचीही दुरुस्ती करायची झाली तर जुना फोटो हाताशी असणं ही मोठी गोष्ट असते.

राजाबाई टॉवरवरून पश्चिमेकडे घेतलेल्या दृश्यांत ओव्हलच्या पलीकडे रेल्वेचे रूळ आहेत आणि त्यांना लागूनच बॅक बेचं पाणी. मरीन ड्राइव्ह नाही, ओव्हलच्या पश्चिमेची आर्ट डेको घरं नाहीत. ती सगळी विसाव्या शतकात समुद्र हटवून केलेल्या जमिनीभोवतीची. २०१८ मध्ये युनेस्कोने मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या या वास्तूंना मिळून जागतिक वारशाचा दर्जा दिला. हायकोर्ट आणि सचिवालय समुद्राकडे तोंड करून का बांधले, याचं उत्तर त्या जुन्या दृश्यात उघड आहे. समोर खरोखरच समुद्र होता.

आणि या अल्बमांत काय नाही? गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवी, कामाठीपुरा, गिरणगावातल्या चाळी इथे बहुधा नाहीतच, असल्या तर एखादं बाजाराचं दृश्य. शहरातली बहुसंख्य माणसं जिथे राहत तिथे फोटो काढायला स्टुडिओला गिऱ्हाईक नव्हतं. १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा कॅमेरा त्या गल्ल्यांत शिरला. कॅप्टन मॉसने काढलेल्या प्लेगच्या फोटोंत इस्पितळं आहेत, तपासणीसाठी उभी केलेली माणसं आहेत, धुऊन काढली जाणारी घरं आहेत. १८९८ मध्ये शहर सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्त्यांतून रस्ते काढले गेले. आपल्या पणजोबांच्या मुंबईचं चित्र पाहायचं तर ते अशा आजाराच्या आणि पाडापाडीच्या फोटोंत सापडतं, हे दुःखद आहे.

भारतीय छायाचित्रकार मात्र तोवर तयार झाले होते. लाला दीनदयाळ रुडकीच्या थॉमसन कॉलेजात अभियांत्रिकी शिकलेले. इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला असताना त्यांनी कॅमेरा हाती घेतला. इमारत कशी उभी राहते हे ठाऊक असलेल्या माणसाची नजर त्यांच्या फोटोंत दिसते: कोन नेमका, रेषा सरळ, पायापासून कळसापर्यंत काहीही न कापलेलं. १८९० च्या दशकात त्यांनी मुंबईत स्टुडिओ काढला. १९०५ मध्ये त्यांचं निधन झालं तेही मुंबईतच.

हे सगळं फक्त विलायतेतल्या ग्रंथालयांत आणि मोठ्या संग्रहांतच आहे असं नाही. पुणे, मुंबई, कोल्हापूर, नाशिकच्या जुन्या वाड्यांत, वाचनालयांत आणि शाळांच्या कपाटांत असे फोटो पडून आहेत. तुमच्या घरी एखादा असेल तर तीन गोष्टी करा. फोटो पुठ्ठ्यावरून सोडवू नका, कारण स्टुडिओचं नाव आणि क्रमांक बहुधा त्या पुठ्ठ्यावरच असतो. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन कटाक्षाने टाळा, आणि मूळ प्रत उन्हात किंवा भिंतीवर टांगू नका. अंड्याच्या पांढऱ्या बलकावर छापलेल्या प्रती उजेडाने आणि दमटपणाने पिवळ्या पडून फिकटतात. तिसरी गोष्ट, स्कॅन करताना मागची बाजूही करा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना जे आठवतं ते मऊ पेन्सिलीने वेगळ्या कागदावर लिहून त्याच्यासोबत ठेवा. मग त्याची एक प्रत गावातल्या वाचनालयाला किंवा जवळच्या संग्रहालयाला द्या.